पासबुकातली ऑक्टोबरची ओळ

(तांबरम येथील मराठी ज्येष्ठ मंडळींच्या मेळाव्यात एका बँक अधिकारी महिलेने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर)

एवढ्या पावसात तुम्ही सगळे आलात, त्याबद्दल आधी आभार. पूर्व तांबरमहून पश्चिम तांबरमला यायचं म्हणजे या दिवसांत परगावी जाण्यासारखंच आहे, हे चार वर्षं इथे राहिल्यावर मलाही कळलंय. समोर काही तंजावरची घराणी दिसतायत. तुमची मराठी आणि माझी सोलापूरची मराठी जरा वेगळी आहे, तेव्हा काही अडलं तर मध्येच थांबवा. आकडे मात्र दोन्हीकडे सारखेच आहेत.

मी बँकेत काम करते. एम.कॉम. केलं, बँकेची परीक्षा दिली आणि बदल्यांच्या वाऱ्यावर इथवर आले. आजचं बोलणं पेन्शन, व्याज आणि करातली सूट यांत दरवर्षी होणाऱ्या बदलांवर आहे. पण सुरुवात माझ्या आजीपासून करते. त्यात माझी स्वतःचीच चूक आहे, त्यामुळे ती सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

आजोबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. ते गेल्यावर आजीला फॅमिली पेन्शन सुरू झालं. त्याचं मूळ पेन्शन बारा हजार रुपये, वर महागाईची सवलत. आजीचा जन्म जुलै १९४२ चा. केंद्र सरकारचा नियम असा आहे की पेन्शनरला ऐंशी वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा पेन्शन मिळतं. पंच्याऐंशीला ३० टक्के, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभर पूर्ण झाली की आणखी शंभर टक्के, म्हणजे दुप्पट. फॅमिली पेन्शनलाही हे लागू आहे. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं, त्या महिन्याच्या एक तारखेपासून ते धरतात.

२०२२ च्या जुलैमध्ये आजीला ऐंशी झाली. घरी सत्यनारायण झाला, बुंदीचे लाडू झाले, फोटो काढले. पेन्शन होतं तेवढंच राहिलं. दोनेक वर्षांनी मी सुट्टीत घरी गेले, तेव्हा आजी म्हणाली, "अगं, समोरच्या वहिनींना माझ्यापेक्षा बरंच जास्त येतं. आपल्या ह्यांचं आणि त्यांच्या ह्यांचं पद तर सारखंच होतं." मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, "आजी, त्यांची नोकरी जास्त झाली असेल." बँकेत बसून दिवसाला पन्नास पासबुकं बघणाऱ्या नातीने स्वतःच्या आजीचं पासबुक उघडलं नाही. पुढच्या सुट्टीत उघडलं. मग जुनी पेटी काढून पीपीओ बघितला, तर आजीच्या जन्मतारखेचा रकाना कोराच होता. संगणकात तारीख नाही, म्हणून संगणकाच्या दृष्टीने आजीला कधी ऐंशी झालीच नव्हती.

दोष कुणाचा, त्यात मी शिरत नाही. आधार, पॅन आणि अर्ज दिला. तो बँकेतून खात्याकडे गेला, खात्याकडून दुरुस्ती होऊन परत आला. काही महिने लागले. २०२५ च्या जुलैमध्ये थकबाकी जमा झाली. जुलै २०२२ ते जून २०२५ असे छत्तीस महिने. महिन्याला २,४०० रुपये जादा पेन्शन आणि त्यावर त्या त्या वेळची महागाई सवलत. ती सवलत आधी ३८ टक्के होती, मग सहा-सहा महिन्यांनी ४२, ४६, ५०, ५३ आणि ५५ झाली. सगळं मिळून १ लाख २७ हजार २९६ रुपये. आजीने हिशेबाचा कागद हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "म्हणजे हे माझेच होते ना?"

म्हणून आज मी तुम्हाला योजनांची यादी वाचून दाखवणार नाही. म्हातारपणी घरात येणाऱ्या पैशांतले काही दरवर्षी आपोआप हलतात, काही कागद दिल्याशिवाय हलत नाहीत आणि काही वर्षानुवर्षं हलतच नाहीत. आपला कुठला पैसा यांपैकी कशात बसतो, हे घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असायला हवं.

आपोआप हलणाऱ्यापासून सुरू करते. इथे रेल्वेचे पेन्शनर बरेच आहेत, हवाई दलातले आहेत, टपाल खात्यातलेही दिसतायत. तुम्हाला वर्षातून दोनदा महागाई सवलत वाढून मिळते, एक जानेवारीपासून आणि एक जुलैपासून. जाहीर मात्र उशिरा होते. जानेवारीची साधारण मार्चमध्ये आणि जुलैची दसरा-दिवाळीच्या सुमाराला. या वर्षी जानेवारीपासून ती ५५ टक्के झाली. जुलैपासूनची तीन टक्के वाढ ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाहीर झाली आणि आता ती ५८ टक्के आहे. हा आकडा कुणाच्या मर्जीने ठरत नाही. कामगार ब्यूरो देशातल्या ८८ केंद्रांतल्या ३१७ बाजारांतून औद्योगिक कामगारांच्या वापरातल्या वस्तूंचे भाव गोळा करतो. त्यावरून निघणाऱ्या निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर ही सवलत ठरते. भाव कमी वाढले की सवलतही कमी वाढते. जानेवारीत दोनच टक्के का वाढली, म्हणून मला बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं उत्तर हेच.

आता पासबुक बघायची रीत सांगते. मूळ पेन्शनला १.५८ ने गुणा. मूळ पेन्शन ९,००० असेल तर १४,२२० यायला हवेत. ऑक्टोबरचं पेन्शन आलं त्या ओळीपासून बघा. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांचा फरक, म्हणजे ९,००० वर ८१० रुपये, वेगळा आला का तेही बघा. नसेल आला तर बँकेत जाऊन विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. उलट विचारणारा माणूस आला की आमचंही काम नीट होतं.

ज्यांनी निवृत्त होताना पेन्शन विकलं, म्हणजे कम्युटेशन घेतलं, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची. महागाई सवलत मूळच्या पूर्ण पेन्शनवर मिळते, कापून उरलेल्यावर नाही. समजा मूळ पेन्शन २०,००० होतं आणि त्यातले ४० टक्के, म्हणजे ८,००० विकले. उरले १२,०००. सवलत मात्र वीस हजारांच्या ५८ टक्के, म्हणजे ११,६००. हातात यायला हवेत २३,६००. आणि पंधरा वर्षांनी ते विकलेले ८,००० परत सुरू होतात. २०१० मध्ये निवृत्त झालेल्यांची ती तारीख याच वर्षी येतेय. नुसती वाट बघत बसू नका. पीपीओवर तारीख शोधा आणि पुढच्या महिन्याची ओळ बघा.

गेल्या काही दिवसांत तुमच्या फोनवर एक संदेश फिरला असेल. नव्या वित्त कायद्यामुळे निवृत्तांची महागाई वाढ आणि वेतन आयोगाचा लाभ बंद झाला, असा. माझ्याकडे तो निदान सात जणांनी पाठवला, त्यात माझे सासरेही होते. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचं जाहीर केलंय. झालंय एवढंच, की सार्वजनिक उपक्रमात सामावून घेतलेल्या कर्मचाऱ्याला पुढे गैरवर्तनासाठी बडतर्फ केलं, तर त्याच्या निवृत्तिलाभांचं काय करायचं याबद्दलच्या नियमात बदल झाला. तुमचा माझा त्याच्याशी संबंध नाही. आठव्या वेतन आयोगाचं म्हणाल, तर न्यायमूर्ती रंजना देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत आणि अहवालासाठी आयोगाला अठरा महिने दिलेत. वाढ किती होईल, हे आज कुणीही सांगू शकत नाही. जो सांगतो तो अंदाज सांगतोय. त्या अंदाजावर नातवाच्या लग्नाचं कर्ज काढू नका.

हे झालं सरकारी पेन्शनचं. मागच्या रांगेत बसलेल्या काकांनी मघाशी दारातच मला अडवून विचारलं, "आमचं काय?" ते खाजगी कारखान्यात होते. ईपीएस-९५ चं पेन्शन. त्यांचा आकडा मी इथे सांगत नाही, पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तसाच असेल.

ईपीएसला महागाई सवलत नाही. निवृत्तीच्या दिवशी जो आकडा ठरला, तो तसाच. किमान पेन्शन १,००० रुपये करण्यात आलं सप्टेंबर २०१४ मध्ये, आणि आज नोव्हेंबर २०२५ मध्येही ते हजारच आहे. तुलना करून बघा. सातव्या वेतन आयोगाची सुरुवात जानेवारी २०१६ ची. ज्यांचं मूळ पेन्शन तेव्हा १०,००० होतं, त्यांना आज १५,८०० मिळतात. मधल्या काळात कोविडमध्ये तीन वाढी गोठवल्या आणि त्या अठरा महिन्यांची थकबाकी दिलीच नाही, तरीही. आणि ज्यांना ईपीएसचे २,२०० ठरले, त्यांना आजही २,२०० च. तेच तांबरमचं मार्केट, तोच तांदूळ, तेच औषधाचं दुकान. मला हे न्याय्य वाटत नाही. ते बदलणं माझ्या हातात नाही, पण ते लपवून "योजना छान आहेत" असं म्हणणंही मला जमणार नाही. किमान रक्कम वाढवायची मागणी जुनी आहे. ती मान्य होईल असं धरून घराचा हिशेब करू नका, एवढंच सांगते.

त्यांच्यासाठी दोन सोयीचे बदल मात्र झालेत. जानेवारी २०२५ पासून ईपीएसचं पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून घेता येतं. मुलाकडे पुण्याला राहायला गेलात तर पीपीओ हलवण्याची खटपट नाही. आणि हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यायला हवा असं नाही. वर्षात कधीही द्या, तिथून बारा महिने चालतो.

वृद्धापकाळाच्या सरकारी पेन्शनबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते इथे बसलेल्यांपेक्षा आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या कामाचं आहे. तमिळनाडूत २०२३ मध्ये ते १,००० चं १,२०० झालं. महाराष्ट्रात त्याच वर्षी १,००० चं १,५०० झालं. पण त्यात केंद्राचा जो वाटा आहे, तो साठ ते एकोणऐंशी वयासाठी २०० रुपये आहे. २००७ पासून तेवढाच. ऐंशीच्या पुढे ५००. कामवाल्या अम्मांना एकदा विचारा, त्यांना मिळतं का ते.

आता कर. इथे तुम्ही सगळे सावरून बसता, हे मला दिसतंय.

मागच्या वर्षी एका काकूंनी मला सांगितलं की त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये असते आणि तिच्या सासूचं सरकारी पेन्शन दर एप्रिलला कायद्यानेच वाढतं. खरं आहे. तिथे पगारवाढ, महागाई आणि अडीच टक्के यांत जे जास्त असेल तेवढी वाढ होते. या एप्रिलला ती ४.१ टक्के झाली. पण त्याच देशात करमुक्त उत्पन्नाची मर्यादा २०२१ पासून १२,५७० पौंडांवर गोठवून ठेवलीय. पेन्शन वाढत जातं, मर्यादा जागची हलत नाही आणि पूर्वी कर न भरणारी म्हातारी माणसं हळूहळू करात येतात. आपल्याकडच्या जुन्या करप्रणालीचंही तसंच झालंय. साठीनंतरची तीन लाखांची मर्यादा २०१४ पासूनची. व्याजावरची पन्नास हजारांची ८०टीटीबीची वजावट २०१८ पासूनची. त्यानंतर दोन्ही हलल्या नाहीत.

नव्या प्रणालीत मात्र या वर्षी बरंच हललं. चार लाखांपर्यंत कर नाही. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा लाखांवर १०. आणि करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर सवलत मिळून कर शून्य होतो. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या ज्या नफ्यावर वेगळ्या दराने कर लागतो, त्याला मात्र ही सवलत नाही. तो नफा वेगळा धरा. स्वतःच्या पेन्शनवर ७५,००० ची प्रमाणित वजावट आहे. फॅमिली पेन्शनवर एक तृतीयांश किंवा २५,००० यांत जे कमी असेल ते. वयाचं कौतुक मात्र नव्या प्रणालीत नाही. पस्तीशीतल्या मला आणि नव्वदीतल्या आजोबांना तिथे एकच मर्यादा.

बऱ्याच जणांना जुनी प्रणाली सोडवत नाही. एलआयसी, पीपीएफ आणि ८०टीटीबी एवढी वर्षं सांभाळलेलं. मी एक हिशेब मांडते. समजा एका निवृत्त गृहस्थांचं वय बहात्तर आहे. पेन्शन महिना ४२,०००, म्हणजे वर्षाचे ५,०४,०००. ठेवींचं व्याज १,८०,०००. एकूण ६,८४,०००. नव्या प्रणालीत ७५,००० वजा केले की ६,०९,००० उरतात. बारा लाखांच्या आत, कर शून्य. जुन्या प्रणालीत पेन्शनवर ५०,०००, व्याजावर ५०,००० आणि आरोग्य विम्याचे समजा ३०,००० वजा केले. उरले ५,५४,०००. पाच लाखांच्या वर गेलं की तिथली सवलत जाते. कर होतो २०,८०० आणि उपकरासह २१,६३२. सगळ्या वजावटी घेऊनही. म्हणून "जुनंच बरं" असं म्हणण्याआधी दोन्हीकडून मांडून बघा. घरभाडं किंवा मोठी वजावट असेल तर निकाल वेगळा निघू शकतो. ऐंशीच्या पुढच्यांना जुन्या प्रणालीत पाच लाखांपर्यंत मुळातच कर नाही. त्यांनीही मांडून बघावं.

आता याच गृहस्थांची पुढची अडचण. कर शून्य आहे, तरी पैसे कापले गेले. कसे? बँक ज्येष्ठांच्या व्याजावर टीडीएस कापते. पूर्वी वर्षाचं व्याज दहा हजारांच्या वर गेलं की कापायची. २०१८ मध्ये ती मर्यादा पन्नास हजार झाली आणि या १ एप्रिल २०२५ पासून एक लाख. चांगला बदल आहे, पण यांचं व्याज एक लाख ऐंशी हजार आहे आणि सगळं एकाच बँकेत. दहा टक्क्यांनी १८,००० गेले. जायला नको होते. एप्रिलमध्ये १५एच फॉर्म दिला असता, तर बँकेने कापलेच नसते. हा फॉर्म साठीच्या पुढच्यांनी भरायचा आणि ज्यांचा वर्षाचा अंदाजे कर शून्य आहे त्यांनीच भरायचा. प्रत्येक बँकेत आणि पोस्टात वेगळा द्यायचा आणि दरवर्षी नव्याने द्यायचा. माझ्या काउंटरवर सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "गेल्या वर्षी दिला होता की!" गेल्या वर्षीचा गेल्या वर्षासाठी. पॅन जोडलेला नसेल तर दहाऐवजी वीस टक्के कापतात, तेही बघून घ्या.

ज्यांचे कापले गेलेत, त्यांचे पैसे बुडालेले नाहीत. रिटर्न भरलं की परत मिळतात. आणि इथे अजून एक गैरसमज आहे. "कर शून्य, मग रिटर्न कशाला?" तसं नाही. उत्पन्न मूळ मर्यादेच्या वर असेल, म्हणजे नव्या प्रणालीत या वर्षासाठी चार लाखांच्या वर, तर सवलतीने कर शून्य झाला तरी रिटर्न भरावं लागतं. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचं राहून गेलं असेल, तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं भरता येतं. त्याला शुल्क लागू शकतं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना यातून एक मोकळीक आहे. उत्पन्न फक्त पेन्शन आणि व्याजाचं असेल, आणि ज्या बँकेत पेन्शन येतं त्याच बँकेतलं व्याज असेल, तर १२बीबीए नावाचं प्रतिज्ञापत्र बँकेत द्यायचं. बँकच हिशेब करून लागत असेल तो कर कापते आणि तुम्हाला रिटर्न भरावं लागत नाही. पण पोस्टात एक छोटी ठेव असली तरी ही मोकळीक जाते. मी हे सांगितल्यावर एका आजोबांनी पोस्टातली ठेव मोडायचं काढलं. त्यांना थांबवलं. रिटर्न टाळण्यासाठी चांगलं व्याज सोडू नये.

व्याजाचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दल. या वर्षी फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आणला. त्याचा परिणाम तुमच्या एफडीवर झालाय. जुनी ठेव मुदत संपून पुन्हा ठेवायला आलात, की दर कमी दिसतो आणि तुम्ही माझ्याकडे असं बघता, जणू मीच कमी केला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, म्हणजे एससीएसएसमध्ये, या तिमाहीतही ८.२ टक्के आहे. २०२३ च्या एप्रिलपासून तोच दर. त्याच वेळी कमाल मर्यादाही १५ लाखांची ३० लाख झाली. दर तिमाहीला सरकार दराचा आढावा घेतं, पण तुम्ही ठेवलेल्या दिवसाचा दर पाच वर्षं पक्का राहतो. दहा लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये. महागाई सवलत नसलेल्या पेन्शनरांनी सवलतवाल्यांपेक्षा याकडे जास्त लक्ष द्यावं, असं माझं मत आहे. मात्र हातची सगळी रक्कम एकाच दिवशी पाच वर्षांसाठी अडकवू नका. दवाखान्याचं ठरवून येत नाही. आणि बँक ठेवींचा विमा एका बँकेत एका माणसाचा मुद्दल-व्याज धरून पाच लाखांपर्यंतच आहे, हेही ध्यानात असू द्या. बँकेत नोकरी करून मी हे सांगतेय.

दवाखान्यावरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. हप्ता ४०,००० असेल तर त्यावरचे ७,२०० वाचतात. नूतनीकरणाची पावती हातात आली की जीएसटीची ओळ बघा. संस्थेमार्फत घेतलेल्या गटविम्याला ही सूट नाही. रेल्वे तिकिटातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून बंदच आहे. त्याबद्दल मला काही विचारू नका, माझ्या सासूबाई दर सुट्टीत विचारतात.

शेवटी हयातीचा दाखला, कारण महिना संपत आलाय. सरकारी पेन्शनरांनी तो नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. ऐंशीच्या पुढच्यांना एक ऑक्टोबरपासून देता येतो. राहिला तर पेन्शन थांबतं. दाखला दिला की थकबाकीसह पुन्हा सुरू होतं, पण मधल्या महिन्यात औषधं उसनी आणायची वेळ कशाला? बोटांचे ठसे उमटत नाहीत, ही तक्रार आमच्याकडे रोजची. आयुष्यभर काम केलेल्या हातांचे ठसे झिजतातच. आता चेहरा दाखवूनही होतं. मोबाईलमध्ये जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप लागतात. उजेडात बसायचं, चष्मा काढायचा आणि सांगितल्यावर पापणी मिटायची. बाहेर पडता येत नसेल तर पोस्टमन घरी येऊन करतो. काम झालं की प्रमाण आयडी येतो, तो वहीत लिहून ठेवा. आणि "दाखला अडकलाय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. बँक फोनवर ओटीपी विचारत नाही. मी स्वतः फोन केला आणि विचारला, तरी सांगू नका.

मघापासून मागच्या टेबलावर दोन मुली बसल्यात, त्या आमच्याच शाखेतल्या. त्यांच्याकडे चेहऱ्यावरून दाखला करायचा फोन आहे आणि १५एचचे कोरे फॉर्मही आहेत. ज्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे, किंवा ज्यांच्या घरी फॅमिली पेन्शन घेणाऱ्या आई-सासूबाई आहेत, त्यांनी पीपीओ आणला असेल तर आधी माझ्याकडे या. जन्मतारखेचा रकाना आपण आधी बघू. कॉफी येतेय. तोवर पासबुकं काढा आणि ऑक्टोबरच्या ओळीवर बोट ठेवा. पहिल्या रांगेपासून सुरुवात करते.